हाताला इसब असताना रोजचं घर कसं चालवायचं

माझ्या डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, एवढ्या तीनच बोटांची टोकं फुटायची. आधी कातडी कोरडी आणि चकचकीत व्हायची, मग बारीक चिरा पडायच्या, आणि लिंबू पिळायची वेळ आली की डोळ्यांत पाणी यायचं. उजवा हात मात्र ठीक. दीड वर्ष मी मलमं बदलत राहिले. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी हात उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "लसूण सोलताना पाकळी कुठल्या हातात धरता?"

डाव्या. त्याच तीन बोटांत.

लसणातल्या डायअलिल डायसल्फाइड या घटकाची काही जणांना ॲलर्जी होते. उजव्या हाताने सुरी धरणाऱ्यांच्या डाव्या हाताच्या नेमक्या याच बोटांवर ती उमटते. कारण कळायला दोन मिनिटं लागली. हात बरे व्हायला मात्र पुढचं वर्ष गेलं, कारण तीन वेळा मी एकच चूक केली. महिनाभर काळजी घ्यायची, हात नितळ दिसला की हातमोजे काढून ठेवायचे, आणि पंधरा दिवसांत पुन्हा भेगा. दिसायला बरी झालेली कातडी आतून बरी झालेली नसते. वरून इसब गेल्यावरही तिची सहनशक्ती परत यायला साधारण चार-पाच महिने लागतात, हे मला कोणी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. म्हणून ते तुम्हाला आधी सांगते. पुढचं सगळं एवढे महिने निभावता यावं, या हिशोबाने लिहिलं आहे.

आधी खात्री करा की हा इसबच आहे

इसबात खाज, लाली, कोरडेपणा, खपल्या, भेगा असतात. कधी बोटांच्या कडांना आणि तळव्यावर साबुदाण्यासारखे खोलवर बसलेले बारीक पाण्याचे फोड येतात, त्यांना फार खाज सुटते. पण तीन गोष्टी इसबासारख्या दिसतात आणि त्यांचे उपचार वेगळे असतात. एकच तळहात कोरडा, पिठूळ झाला असेल आणि दोन्ही पायांचे तळवेही तसेच असतील, तर ते बहुधा गजकर्ण असतं, म्हणजे बुरशी. बोटांच्या बेचक्यांत पुरळ, रात्री वाढणारी खाज आणि घरात आणखी कोणी खाजवतंय, तर खरूज. जाड, ठळक कडेचे चट्टे आणि कोपर, गुडघे, डोक्याच्या कातडीवरही तसंच काही असेल तर सोरायसिस असू शकतो. गजकर्णावर इसबाचं स्टेरॉइड मलम लावलं तर लाली तेवढी दबते आणि बुरशी शांतपणे पसरत राहते. त्यामुळे पहिलं निदान डॉक्टरांकडूनच करून घ्या.

आणि घरातल्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगा: इसब संसर्गजन्य नाही. तुमच्या हातचं जेवल्याने तो कोणालाही होत नाही. पंगतीत वाढायला उभी राहिलेली बाई आपले हात पदराआड लपवते हे मी पाहिलं आहे, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दहा दिवस वही ठेवा

कुठलंही नवं मलम आणण्याआधी दहा दिवस रोज रात्री चार ओळी लिहा. हात किती वेळा ओले झाले, कोणता साबण, काय चिरलं-सोललं, खाज केव्हा वाढली. आणि हाताची आकृती काढून त्रास नेमका कुठे आहे तिथे खूण करा. जागा खूप काही सांगून जाते. अंगठीखालची कातडी लाल असेल तर तिथे साबण अडकून राहतो आहे, किंवा धातूतल्या निकेलची ॲलर्जी आहे. पुरळ मनगटावर सरळ रेषेत थांबत असेल तर हातमोज्याच्या रबराचाच संशय घ्यायचा. बेचक्यांपासून सुरू होऊन हाताच्या पाठीवर पसरत असेल तर बहुतेक वेळा पाणी आणि साबण हेच कारण.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या त्वचारोगांचे अभ्यासक 'ओलं काम' असा शब्द वापरतात. दिवसाला दोन तासांहून जास्त वेळ हात ओले राहणं, किंवा वीसपेक्षा जास्त वेळा हात धुणं. मी मोजलं तेव्हा दुपारच्या जेवणापर्यंतच माझा आकडा सतरा झाला होता: कणीक, भाजी, दूध, ओटा, मुलाचा डबा, पुन्हा ओटा. आपण घरकामाला 'काम' म्हणत नाही म्हणून हा आकडा कधी डोळ्यांसमोर येत नाही.

हात धुण्याची पद्धत बदला

निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण पाचच्या आसपास. अंगाच्या साध्या साबणाचा पीएच नऊ-दहा असतो, म्हणजे तो अल्कधर्मी. कातडीचा वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो, आणि विटांमधला चुना म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं हे स्निग्ध पदार्थ. साबण आणि गरम पाणी मिळून हाच चुना धुऊन नेतात. मग आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं तिखट-आंबट आत शिरतं.

म्हणून गरम पाणी बंद. थंडीत फार तर कोमट. साबण शौचानंतर, जेवणाआधी, मासे-मटण किंवा कच्ची अंडी हाताळल्यावर आणि हात खरोखर माखले असतील तेव्हाच. नुसती कोथिंबीर निवडली तर पाण्याने भागतं. साबणाऐवजी बिनवासाचा सिंडेट बार (दिसायला साबणासारखी, पण साबण नसलेली सौम्य वडी) किंवा सौम्य क्लेन्झर घ्या. अंगठ्या आधी काढा. बेचक्यांतून साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा आणि मऊ सुती कापडाने टिपा, घासू नका. बेचकं ओलं राहिलं तर तिथूनच कातडी सोलायला लागते. साडीच्या पदराला किंवा ओट्यावरच्या फडक्याला हात पुसायची सवय मोडायला मला सर्वात जास्त दिवस लागले. त्या फडक्यात भांड्यांचा साबण असतो.

पाण्यात जंतुनाशक द्रव टाकून हात बुडवणं थांबवा. बाहेर असताना हात मळलेले नसतील आणि भेगा नसतील, तर सॅनिटायझर साबणापेक्षा कातडीला कमी त्रास देतो. भेगा असतील तर तो झोंबतो. तेव्हा पाणी बरं.

मलम: किती, कधी, कुठलं

सुरुवातीचे दोन महिने दिवसातून आठ-दहा वेळा. ऐकायला अशक्य वाटतं, पण हात टिपले की लगेच, कातडी किंचित दमट असतानाच लावायचं, एवढा एकच नियम धरला की आकडा आपोआप पूर्ण होतो. त्यासाठी ट्यूब एक असून चालत नाही. एक ओट्याजवळ, एक बेसिनवर, एक पर्समध्ये, एक उशीशी. बेसिनपासून चार पावलांवर ठेवलेली ट्यूब वापरली जात नाही, हा माझा अनुभव.

लोशन पातळ असतं आणि लवकर उडून जातं. क्रीम दिवसा ठीक. रात्री आणि भेगांवर साधी पांढरी पेट्रोलियम जेली. ती स्वस्त आहे, तिच्यात सुगंध नाही, पाणी नाही, आणि तिची ॲलर्जी फार क्वचित होते. युरिया असलेलं क्रीम जाड, राठ कातडीवर उत्तम, पण उघड्या भेगेवर आग करतं. वेष्टनावर 'हर्बल' लिहिलंय म्हणजे ते निर्धोक असं समजू नका. वनस्पतींचे अर्क आणि सुगंधी तेलं यांची ॲलर्जी नेहमी दिसते. खोबरेल तेल मानवत असेल तर लावा, वरून सुगंध न घातलेलं, घाण्याचं. आजीच्या काळचं शतधौत घृत, म्हणजे शंभर वेळा पाण्याने धुतलेलं तूप, मऊपणा देतं, पण जखम उघडी असताना नको. लिंबू, व्हिनेगर, कच्ची हळद, लसणाचा रस आणि बिब्बा यांना मात्र इसबाच्या हातापासून लांब ठेवा. बिब्ब्याच्या तेलाने पोळल्यासारखे फोड येतात. आंब्याचा चीक आणि काजूच्या टरफलातलं तेल हेही त्याच कुळातलं, त्यामुळे कोकणात काजू फोडणाऱ्यांचे हात त्याने भाजतात.

बरणीतून मलम काढायला चमचा ठेवा, बोट घालू नका.

हातमोजे

इथे बहुतेकांचं चुकतं. मोजे घालून तासभर काम केलं की आत घाम साठतो, आणि घाम म्हणजे पुन्हा ओला हात. आत पातळ सुती मोजे, वर भांड्यांचे रबरी किंवा नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे), आणि एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, बस. सुती मोज्यांच्या चार-पाच जोड्या लागतात, कारण ओली झालेली जोडी लगेच बदलायची असते. रबरी मोज्याची मनगटाकडची कड बाहेर दुमडा, म्हणजे हात वर केल्यावर पाणी कोपराकडे न ओघळता तिथेच अडतं. आत पाणी शिरलं की काम अर्धं सोडून मोजा काढा. साबणाचं पाणी मोज्यात कोंडून ठेवणं हे मोजा नसण्यापेक्षा वाईट.

काम झालं की उलटा करून वाळत घाला. आठवड्यातून एकदा पाणी भरून दाबून पाहा, बारीक भोकं तेव्हाच दिसतात. मोजे घातल्यावर काही मिनिटांतच खाज, गांधी किंवा डोळे चुरचुरणं सुरू झालं तर लॅटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची, ॲलर्जी असू शकते. मोजे बंद करा आणि डॉक्टरांना सांगा.

लसणाला मात्र हातमोजे पुरत नाहीत. त्यातला तो घटक बहुतेक मोज्यांतून आरपार जातो, हे मला कळलं तेव्हा सहा महिन्यांची नायट्राइलची खरेदी झाली होती.

स्वयंपाकघर

लसूण: माझ्या घरात आता तो नवरा सोलतो आणि आठवड्याचं वाटण करून ठेवतो, मी चमच्याने घेते. एकटं राहत असाल तर पाकळ्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून जोरात हलवा, सालं बरीच सुटतात. उरलेलं सुरीने आणि काट्याने. कांदा काही जणांना त्रास देतो, काहींना नाही. तुमची वही सांगेल.

मिरची: ठेच्यानंतर हात पेटले तर पाण्याने आग जात नाही, कारण मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. आधी तेल चोळा, टिपून घ्या, मग सौम्य साबण. ठेचा खलबत्त्यात करा आणि चमच्याने काढा.

अळू आणि सुरण: यांच्या चिकात कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते कातडीत टोचतात. हाताला तेल लावून चिरायची घरातली जुनी रीत चांगलीच आहे, पण भेगा असतील तर तेल पुरत नाही. मोजे घाला, किंवा त्या महिन्यात फदफदं राहू द्या.

लिंबू, टोमॅटो, कैरी, अननस, चिंचेचा कोळ: हे सगळे चिरांतून आत जातात. लिंबासाठी पिळणी, चिंचेसाठी गाळणं आणि चमचा.

कणीक: कोरडं पीठ भेगांत बसतं आणि नंतर ते काढायला आपण हात खसाखसा घासतो, नुकसान तिथे होतं. तिंबायचं यंत्र असेल तर तेच वापरा. नसेल तर पाणी-पीठ चमच्याने एकत्र करून गोळा जमल्यावर तेलाचा हात लावून मळा. चिकटलेली कणीक तेलानेच सोडवा. भेगा उघड्या असतील तर खाण्याचे पदार्थ हाताळायचे, पावडर नसलेले पातळ मोजे घाला. पिठाने दहा-पंधरा मिनिटांतच खाज आणि गांधी उठत असतील, तर ती गव्हातल्या प्रथिनांची ॲलर्जी असू शकते. बेकरीत काम करणाऱ्यांमध्ये ती आढळते.

भाकरी सगळ्यांत अवघड. उकळत्या पाण्यात पीठ भिजवायचं, हात सतत ओला, आणि वर तव्याची धग. माझ्या सासूबाईंना थापलेल्याच भाकरीची सवय, त्यामुळे लाटलेली भाकरी पहिल्यांदा ताटात आली तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसरी मागितली नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांनीच माझा हात पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, लाट तू." प्लास्टिकच्या कागदावर थोडं पीठ भुरभुरवून हलक्या हाताने लाटली की पदर सुटतो.

तांदूळ-डाळी धुताना हाताऐवजी चाळणी आणि लाकडी डाव. पालेभाजी मोठ्या पातेल्यात बुडवून झाऱ्याने काढा.

भांडी: वडीचा साबण ओल्या घासणीवर चोळला की तो फार तीव्र राहतो आणि थेट बोटांना लागतो. वाटीभर पाण्यात थोडं लिक्विड कालवून घ्या. लांब दांड्याचा ब्रश वापरा, तारेची घासणी आणि राख नको. राखही अल्कधर्मीच असते. भांडी आधी भिजत घाला आणि दिवसात दहा वेळा दोन-दोन न घासता दोनदा सगळी घासा.

तुमच्याकडे भांडी घासायला ताई येत असतील, तर त्यांचे हात एकदा बघा. चार घरी भांडी म्हणजे चार ते पाच तास ओलं काम. त्यांच्या मापाचे हातमोजे, सुती आतल्या जोड्या आणि जेलीची एक बरणी तुमच्या घरी त्यांच्यासाठी ठेवा, आणि मोजे घालून काम थोडं सावकाश झालं तर होऊ द्या.

कपडे, फरशी, सणवार

कपड्यांची पावडर हाताने पाण्यात ढवळू नका. फिनेल आणि संडास साफ करायचं ॲसिड मोज्याशिवाय कधीच नको. दिवाळीची साफसफाई तीन दिवसांत उरकायची नाही, पंधरा दिवसांवर पसरायची. केसांचा रंग आणि हाताला लावायची काळी मेंदी यांत पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याची ॲलर्जी तीव्र असते आणि आयुष्यभर राहते. घरी बांधकाम चालू असेल तर ओल्या सिमेंटला हात लावू नका. त्याच्या अल्काने कातडी भाजते आणि त्यातल्या क्रोमेटची ॲलर्जीही होते. गवंड्यांच्या हातांवर ती नेहमी दिसते.

आणखी एक दुवा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. गाजर गवत, ज्याला काँग्रेस गवतही म्हणतात, आपल्याकडे १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं आणि मग देशभर पसरलं. त्याची ॲलर्जी चेहरा, मान आणि हातांवर येते, शेतात राबणाऱ्यांना विशेष. शेवंती, झेंडू आणि सूर्यफूल त्याच कुळातले. गाजर गवताची ॲलर्जी असलेल्या काहींना शेवंतीनेही त्रास होतो. दसऱ्याला झेंडूची तोरणं केल्यावर दर वर्षी हात बिघडत असतील तर हे डॉक्टरांना जरूर सांगा.

रात्र

भरपाई होते ती रात्री. झोपण्याआधी दहा मिनिटं साध्या कोमट पाण्यात हात बुडवा, टिपा, आणि तीन मिनिटांच्या आत जेलीचा जाड थर द्या. खोल भेगेवर जेली आणि वर कागदी वैद्यकीय पट्टी. मग सुती मोजे. एक सावधगिरी महत्त्वाची आहे: जेली मुरलेलं कापड पटकन पेट घेतं. ते मोजे घालून गॅस, समई, उदबत्ती यांच्याजवळ जाऊ नका, आणि ते गरम पाण्याने नीट धुवा.

औषधाचं मलम

लाली आणि खाज जोरात असताना नुसत्या जेलीने भागत नाही. डॉक्टर बहुतेक वेळा स्टेरॉइड मलम देतात. त्याला घाबरून अर्धवट लावणं आणि मनानेच महिनोन्महिने लावणं, दोन्हींनी नुकसान होतं. तळहाताची कातडी जाड, हाताच्या पाठीची पातळ, म्हणून दोन वेगळी मलमंही मिळू शकतात. माप असं: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. एका हाताच्या दोन्ही बाजूंना तेवढं पुरतं. त्यानंतर वीस-तीस मिनिटांनी साधं मलम.

दुकानातून सहज मिळणारी, स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली ट्यूब आणू नका. तिने आपल्या देशात गजकर्ण केवढं चिवट करून ठेवलं आहे हे कोणत्याही त्वचारोगतज्ज्ञांना विचारा.

तीन महिने काळजी घेऊनही हात बिघडतच असतील तर पॅच टेस्ट मागा. संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर चिकटवतात, दोन दिवसांनी काढून पाहतात, आणि आणखी दोनेक दिवसांनी पुन्हा. तेवढे दिवस पाठ भिजवायची नसते, त्यामुळे घामाचा मे महिना टाळा. तुमचं नेहमीचं क्रीम आणि हातमोज्याचा तुकडाही सोबत न्या. पोटातून स्टेरॉइड चालू असेल तर आधी सांगा.

पिवळी खपली, पू, वाढती सूज, काखेत गाठ किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. अचानक खूप दुखणारे, एकसारखे लहान फोड आणि ताप आला तरीही लगेच जा. ती नागिणीच्या जातकुळीतल्या विषाणूची लागण असू शकते.

आणि ती तारीख

हात नितळ दिसला, खाज थांबली, की त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करा. तिथून पाच पानं उलटा आणि दुसरा गोल करा. त्या दुसऱ्या गोलापर्यंत हातमोजे ओट्याच्या खुंटीवरच राहू द्यायचे, ट्यूब बेसिनवर, आणि लसूण दुसऱ्याच्या हातात. माझा शेवटचा गोल आषाढात संपला. मोजे अजून त्याच खुंटीवर आहेत.